ट्रेनिंग कॉलर घ्यावा का? (ग्वाल्हेरच्या लष्कर-मुरारवाल्यांसाठी, पण बाकीच्यांनाही चालेल)

गोठवाला

ऑनलाइन दुकानात ‘डॉग ट्रेनिंग कॉलर’ शोधलं की काट्यांचा पट्टा, गळफासाची साखळी, रिमोटवाला (बटण दाबलं की विजेचा झटका देणारा) पट्टा, भुंकल्यावर फवारा मारणारा पट्टा आणि साधा नायलॉनचा पट्टा, सगळं एकाच पानावर शेजारी शेजारी मांडलेलं दिसतं. जणू एकाच दुखण्यावरच्या पाच कंपन्यांच्या गोळ्या. पण प्रत्येकाचं काम वेगळं, बसवायची जागा वेगळी आणि चुकल्यावर होणारं नुकसानही वेगळं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून हा धागा.

गोंधळ नको म्हणून: गळ्यातला तो पट्टा, हातातली ती लीश.

साधा पट्टा. नायलॉन किंवा चामडं, बकल स्टीलचं किंवा पितळेचं. माप शिंप्याच्या टेपने मानेच्या मध्यावर घ्यायचं. बांधल्यावर आतून दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. तीन-चार गेली तर कुत्रं मागे सरकून डोकं काढून घेतं, एकच गेलं तर कातडी घासते. पंचवीस-तीस किलोच्या कुत्र्याला अडीच सेंटिमीटर रुंदीचा, पंधरा किलोच्या देशी कुत्र्याला दोनचा. अरुंद पट्टा तोच ताण कमी जागेवर देतो, त्यामुळे ‘नाजूक दिसतो’ म्हणून बारीक पट्टा घेऊ नका. पिल्लाचं माप दर आठवड्याला तपासा. केसांखाली रुतत चाललेला पट्टा बाहेरून दिसत नाही.

मार्टिंगेल. मोठ्या पट्ट्याला एक छोटा फास जोडलेला असतो. लीश ताणली की पट्टा आवळतो, पण ठरावीक हद्दीपर्यंतच. मुधोळ, रामपूर हाउंड, ग्रेहाउंड यांची मान आणि डोकं जवळपास सारख्या घेराचं, साध्या पट्ट्यातून ही मंडळी बघता बघता निसटतात. त्यांच्यासाठी हा उत्तम. पूर्ण ताणल्यावर दोन कड्यांमध्ये दोन बोटांची फट राहायला हवी. कडी एकमेकींना टेकली तर पट्टा मोठा झालाय.

चोक चेन, म्हणजे ती गळफासाची साखळी. लांबी म्हणजे डोक्याच्या सर्वांत रुंद भागाचा घेर अधिक पाच सेंटिमीटर. कुत्रं आपल्या डावीकडे चालत असेल तर समोर धरून पाहताना इंग्रजी ‘पी’ अक्षर दिसेल अशी डोक्यातून घालायची. मग हलतं कडं मानेवरून येतं आणि हात ढिला सोडला की साखळी आपल्या वजनाने सुटते. उलटी घातली की आवळते आणि तशीच अडकून बसते. रस्त्यावर उलटी सर्रास दिसते. सरळ घातली तरी मूळ कल्पना क्षणभर झटका आणि लगेच ढील अशी आहे. प्रत्यक्षात कुत्रं ओढत राहतं, माणूसही ओढत राहतो, ढील येतच नाही. उरतो तो नुसता फास. आणि ती घालून कुत्र्याला एकटं सोडणं तर कधीच नको, गेटच्या सळईत कडं अडकलं की संपलं.

काट्यांचा पट्टा, ज्याला प्राँग म्हणतात. आत वळलेल्या तारांच्या कड्या असतात, त्या काढून-घालून माप जुळवायचं. कानांच्या मागे, जबड्याच्या खाली, उंच आणि घट्ट बसतो. खाली घसरून गळ्याच्या बुडाशी लोंबला तर काटे भलत्याच जागी टोचतात. चांगल्या पट्ट्याची टोकं गोल घासलेली असतात. स्वस्त नकलांमध्ये तार नुसती कापलेली असते, बोट फिरवून बघा. पिल्लांना, लहान जातींना, घाबरट किंवा अंगावर जाणाऱ्या कुत्र्यांना अजिबात नको.

मोरकी. इंग्रजीत हेड हॉल्टर. बैलाच्या मोरकीसारखीच कल्पना, नाकावरून एक पट्टी, कानांमागून दुसरी. डोकं वळलं की धड वळतं, त्यामुळे ताकद कमी लागते.

समोरून कडी असलेला हार्नेस. छातीवर कडी, ओढलं की कुत्रं आपल्याकडे फिरतं.

रिमोटचा, भुंकण्याचा आणि कंपनाचा, यांच्यावर खाली बोलूच. विचारा.

लॅबवाली_ताई

लॅब, नर, ११ महिने, २८ किलो. घरात गुणी, पण दार उघडलं की चिटणीस की गोठमधून फूलबागेपर्यंत ट्रॅक्टर. दुकानदार म्हणतो चोक चेन घाला, आठ दिवसांत सरळ होईल. आई ६४ वर्षांची, तिलाही कधी कधी न्यावं लागतं. काय घेऊ?

कंपूचा_पशुवैद्य

ताई, आधी मानेत काय काय आहे ते बघा. श्वासनलिका, अन्ननलिका, दोन्ही बाजूंच्या मोठ्या शिरा, थायरॉइड, आणि जिभेला आधार देणारं हायॉइड हे बारीकसं हाड. हे सगळं नेमकं पट्ट्याखाली. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो, केसांमुळे आपल्याला ती जाड वाटते एवढंच. २००६ च्या एका अभ्यासात कुत्र्यांनी पट्ट्याला ओढ दिली तेव्हा डोळ्यातला दाब वाढलेला दिसला, हार्नेसला ओढ दिली तेव्हा तसा वाढला नाही. म्हणून काचबिंदू असलेल्यांना, आणि पग, शिह त्झू अशा बाहेर आलेल्या डोळ्यांच्या जातींना लीश कधीही गळ्याला लावू नये.

आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकला जाणारा बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. लहान जातींत श्वासनलिकेच्या कड्या मऊ पडण्याचा आजार आढळतो. पट्टा ताणला की बदकासारखा कोरडा खोकला येत असेल तर त्याच दिवशी गळ्यातली लीश बंद, हार्नेस सुरू, आणि तपासणी.

तुमच्या लॅबला समोरच्या कडीचा हार्नेस. छातीवरून ‘वाय’ आकाराचा घ्या, खांद्यावर आडवी पट्टी येणारा नको, त्याने पुढचा पाय पूर्ण टाकता येत नाही. काखेत आणि पट्टीत तीन-चार बोटांचं अंतर. काखेत केस गळू लागले की माप चुकलंय.

खडूस_म्हातारा

दुकानदाराचे आठ दिवस म्हणजे परत करायची मुदत संपेपर्यंतचे दिवस.

गोठवाला

@लॅबवाली_ताई, हार्नेस ओढ कमी करतो, चालणं शिकवत नाही. काढला की पहिलं पान परत. म्हणून पद्धत सविस्तर लिहितो.

लीश साधी, १.८ मीटर. आपोआप गुंडाळणारी नको. तिच्यात सतत थोडा ताण असतो आणि कुत्रं ‘ओढलं की दोरी मिळते’ हे शिकतं. खाऊ वाटाण्याएवढा, मऊ, न चावता गिळता येईल असा. ५० ग्रॅम उकडलेल्या चिकनचे शंभरेक तुकडे होतात, ते एका दिवसाला पुष्कळ. पनीर असेल तर निम्मं, त्यात चरबी जास्त. उकडलेलं रताळंही चालतं. शेव, गजक, बेडई, पोहे नकोत. मीठ, तेल, साखर आणि कांदा यांतलं काही ना काही प्रत्येकात आहे, आणि कांदा कुत्र्याला विषारी. खाऊतून जेवढं गेलं तेवढं जेवणातून काढायचं, एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं.

सुरुवात अंगणात किंवा गच्चीवर, रस्त्यावर नव्हे. कुत्रं डावीकडे, खाऊ डाव्या हातात, लीश उजव्या हातात. एक पाऊल टाका, ते शेजारी असेल तर डाव्या गुडघ्याजवळ पँटच्या शिवणीला हात लावून तिथेच खाऊ द्या. हात पुढे नेऊन दिला तर पुढे येणं शिकेल. खाऊ जिथे मिळतो तिथे कुत्रं राहतं, सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. मग दोन पावलांवर, मग तीन, मग पुन्हा एक, मग पाच. सारखं वाढवत गेलात तर त्याला कळतं की पुढे अवघडच होणार आणि मन उडतं, म्हणून मध्ये मध्ये सोपं. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. पहिल्या मिनिटाला दहा-बारा तुकडे गेले तरी जाऊ द्या.

लीश ताणली गेली की थांबा. मागे ओढायचं नाही, ‘नाही नाही’ म्हणायचं नाही. खांब व्हा. त्याने मागे वळून बघितलं किंवा एक पाऊल मागे घेऊन लीश ढिली केली, त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि चालायला लागा. खाऊ हवाच असं नाही, चालायला मिळणं हेच बक्षीस. दहा सेकंदांत वळलं नाही तर आपण उलट्या दिशेने फिरा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते आधीपेक्षा जोरात ओढेल. इथे बहुतेक लोक सोडतात आणि साखळी आणायला जातात. आजवर ओढल्याने काम व्हायचं, आता होत नाही, म्हणून ते जोर वाढवून बघतंय. त्या दिवशी एकदा जरी ओढू देत पुढे गेलात, तरी ‘पुरेसं ओढलं तर मिळतं’ हा धडा पक्का.

जागा पायरीपायरीने. अंगण, मग गोठीतली गल्ली पहाटे साडेपाचला, मग रिकामा महाराज बाडा, आणि संध्याकाळची फूलबाग सर्वांत शेवटी. एका जागी सलग वीस-पंचवीस पावलं ढिल्या लीशने झाली की पुढची जागा. आणि जिथे शिकवणी शक्य नाही, म्हणजे घाईत किंवा आईच्या हातात, तिथे हार्नेस. अंगणातल्या पट्ट्याच्या तासात नियम कडक, हार्नेसमध्ये सूट. कुत्र्याला हा फरक कळतो.

मुरारची_सून

अगदी. अजून एक, शब्द. आपल्या घरांत आजी ‘बैस’ म्हणते, कामवाल्या बाई ‘बैठ’, मुलं ‘सिट’. कुत्रं तिन्ही शिकू शकतं, पण सुरुवातीला एकच ठरवा आणि फ्रिजवर लिहून चिकटवा. आणि बोलावण्यासाठी ‘ये’ ठेवू नका, दिवसभरात शंभर वेळा घरात ‘ये, ये गं, येतोस का’ चालू असतं. शिट्टी घ्या, ती चिडत नाही.

तिघरा_रोड

रिमोटच्या पट्ट्याला सरसकट शिव्या घालण्याआधी एक बाजू मांडतो. शेताला लागून घर, नीलगाय दिसली की कुत्रं अर्धा किलोमीटर. मध्ये हमरस्ता. तिथे खाऊ दाखवून काय होणार? कामावरची काही कुत्री अशा पट्ट्यावर शिकवलेली असतात आणि नीट वापरला तर कुत्रं किंचाळत नाही.

नीट म्हणजे असं. पट्टा मानेच्या वरच्या भागात, दोन्ही धातूचे खुंट श्वासनलिकेवर नाही, तिच्या शेजारी, कातडीला टेकलेले. जर्मन शेफर्डसारख्या दाट केसांना लांब खुंट, नाहीतर केसांवरच बसतो आणि कधी लागतो कधी नाही. आधी दोन-चार आठवडे बंद अवस्थेत घालायचा, नाहीतर कुत्रं शिकतं की पट्टा असेल तेव्हाच ऐकायचं. पातळी शून्यापासून एकेक वाढवायची. कान हलला किंवा मान किंचित वळली की तीच कामाची पातळी. किंचाळलं, शेपटी आत गेली, तर जास्त झाली. आणि मुख्य म्हणजे बोलावल्यावर येणं आधी लांब दोरीवर पक्कं झालं पाहिजे. पट्टा फक्त आठवण करून देतो. त्या पट्ट्याला लीश लावायची नाही, आठ तासांच्या वर ठेवायचा नाही, दोन-तीन तासांनी जागा थोडी बदलायची. खुंटांच्या दाबानेच तिथे जखम होते, लोक तिला भाजल्याची समजतात.

खडूस_म्हातारा

तिघरा रोड, पद्धत बरोबर लिहिलीत, म्हणून तिच्यातलंच भोक दाखवतो.

कानाची हालचाल होते ती अंगणात, शांत असताना. समजा पातळी आठ. नीलगायीमागे उधळलेल्या कुत्र्याला आठ कळतही नाही. मग अंगठा वीसवर, चाळीसवर जातो. म्हणजे ज्या एका प्रसंगासाठी पट्टा घेतला, त्या प्रसंगी ती सौम्य आठवण सौम्य राहतच नाही. अंग ओलं असेल तर तीच पातळी जास्त लागते. स्वस्त पट्ट्यांत शून्य ते शंभर लिहिलेलं असतं, पण पायऱ्या सारख्या नसतात. बाराला काही नाही आणि तेराला उडी. बटण दाबलेलं अडकून राहणं हाही त्यांचा ठरलेला दोष. ८०० मीटरचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो, मध्ये घर किंवा टेकाड आलं की उगाच लांबच्या गप्पा.

आणि वेळ. झटका लागला त्या क्षणी कुत्रं जे बघत असतं त्याच्याशी तो जोडला जातो. तुमच्या मनात ‘पळू नकोस’, त्याच्या नजरेसमोर सायकलवरचं पोर. पुढच्या वेळी ते पोरावर गुरगुरतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

२०२० मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमक्या याच प्रश्नावर, म्हणजे मोकळं सोडल्यावर न ऐकणाऱ्या ६३ कुत्र्यांवर काम प्रसिद्ध केलं. एक गट अनुभवी प्रशिक्षकांकडे विजेच्या पट्ट्याने, एक त्याच प्रशिक्षकांकडे पट्ट्याविना, एक बक्षिसावर भर देणाऱ्यांकडे. विजेचा पट्टा सरस ठरला नाही. उलट बक्षीसवाल्या गटातली कुत्री हुकूम लवकर मानत होती. त्याआधी २००७ मध्ये हॅनोव्हरच्या अभ्यासात दिसलं होतं की झटका कधी, कशासाठी येईल हे ज्यांना ओळखता येत नव्हतं त्या कुत्र्यांत ताणाचं हार्मोन सर्वांत वाढलं. हौशी माणसाच्या हातात पट्टा नेमका असाच वागतो, कशालाही, कधीही.

हमरस्ता मध्ये असेल तर उत्तर कुंपण आणि दहा मीटरची दोरी. पाचशे मीटरवरून बटण दाबणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

तिघरा_रोड

उधळलेल्या कुत्र्याचा मुद्दा मान्य. पण लांब दोरी नीलगायीमागे किती टिकते तेही लिहा, नुसतं नाव घेऊन भागणार नाही.

खडूस_म्हातारा

लिहितो. दोरी कायम हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला, गळ्याला कधीच नाही. दहा मीटरवर धावत सुटलेलं पंचवीस किलोचं कुत्रं शेवटी थांबतं तो धक्का मानेवर घेतला तर डॉक्टरसाहेबांकडे गर्दी. मोरकीला तर नाहीच नाही, मान मुरगळते. हातात गुंडाळायची नाही, बोटं मोडतात. जमिनीवर घसरू द्यायची आणि गरज पडली की तिच्यावर पाय ठेवायचा, बुटाने, चपलेने नको.

शिट्टी वाजवायची, एकदाच. घरात दोन मीटरवरून सुरुवात, रोज वीसेक वेळा, शिट्टी झाली की उत्तम खाऊ, जो एरवी कधीच मिळत नाही. मग अंगण, मग पाच मीटर, मग दहा. आलं की पट्ट्याला हात लावा, मग खाऊ, आणि परत सोडून द्या. दहातल्या नऊ वेळा परत सोडायचं. नाहीतर ‘आलो की खेळ संपला’ हे गणित ते चटकन मांडतं. आंघोळीला, औषधाला, रागवायला शिट्टी वाजवायची नाही, तिथे स्वतः जाऊन आणायचं. नीलगाय अगदी लांब, ठिपक्याएवढी दिसत असताना सराव; कुत्रं खाऊ घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे जा. महिने लागतात. शिकारी जातीत एवढं करूनही उघड्या माळावर मोकळं सोडणं जुगारच, हे कबूल करून टाका.

फुटाणा

टेकनपूरला बीएसएफच्या अकादमीत १९७० पासून राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, आपल्यापासून तासाभरावर. तिथले श्वान शिस्तीचे असतात ना? मग थोडं कडक राहायला काय हरकत आहे?

गोठवाला

तिथला कुत्रा कामासाठी निवडलेला, त्याचा हँडलर नेमलेला, आणि दोघं महिनोन्महिने रोज एकत्र सराव करतात. आपल्याकडे एक कुत्रं, पाच माणसं, आणि दिवसाला वीस मिनिटं. तिथून घ्यायचंच असेल तर रोजचा सराव घ्या, तो फुकट आहे.

मुरारची_सून

भुंकण्याच्या पट्ट्याबद्दल कोणी लिहीत नाहीये. शेजारी तक्रार करतात म्हणून लोक तोच सर्वांत आधी मागवतात. नर, देशी, ३ वर्षं, गेटवर दिवसभर भुंकतो, असं समजून सांगा.

कंपूचा_पशुवैद्य

आधी कोणतं भुंकणं ते ठरवा. गेटवरचं, एकटेपणाचं, भीतीचं आणि दुखण्याचं, चारही वेगळी. वय झालेलं कुत्रं अचानक रात्री भुंकायला लागलं तर आधी तपासणी: सांधे, कान, दात, नजर. घरचे बाहेर पडल्यावर अर्ध्या तासातच भुंकणं, दार ओरबाडणं, घरात शू होत असेल तर तो एकटेपणाचा त्रास. त्यावर झटक्याचा पट्टा म्हणजे रडणाऱ्याच्या तोंडावर हात. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, निम्मं निदान त्यातच होतं.

यंत्राचा दोष वेगळाच. आवाजावर चालणारे स्वस्त पट्टे शेजारचं कुत्रं भुंकलं तरी सुरू होतात. आपल्या गल्ल्यांत रात्री एकाने सुरू केलं की पन्नास साथ देतात, बांधलेला मात्र बिनगुन्ह्याची शिक्षा खातो. चोर सोडून संन्याशाला फाशी. गळ्याच्या थरथरीवर चालणारे थोडे बरे, पण खाकरणं आणि खाजवणं त्यांनाही फसवतं. सिट्रोनेला या उग्र वासाच्या तेलाचा फवारा निरुपद्रवी म्हणून खपतो. आपल्याला तो वास सेकंदाचा, कुत्र्याच्या नाकाला बराच वेळ. म्हणजे गप्प बसल्यावरही शिक्षा चालूच.

आणि लग्नसराईत डीजे, फटाके, आपल्या चंबळकडची हर्ष फायरिंग, म्हणजे आनंदाने हवेत झाडलेल्या गोळ्या. घाबरून भुंकणाऱ्याला त्याच क्षणी झटका लागला तर भीती दुप्पट होते, कमी नाही. काही जण भुंकणं सोडून थेट चावायला शिकतात, कारण इशारा देणं आपणच बंद केलेलं असतं.

गोठवाला

गेटवरच्यासाठी सांगतो, ताई. जाळीच्या गेटला कुत्र्याच्या डोळ्यांच्या वरपर्यंत हिरवी नेट किंवा पत्रा लावा. दिसणं थांबलं की बरंचसं काम झालं. उरलेल्यासाठी: कोणी जाताना दिसलं आणि ते भुंकायच्या आत, कान टवकारले त्या क्षणी, एकच ठरलेला शब्द, मग जमिनीवर सात-आठ तुकडे विखरून टाका. हुंगून शोधताना ते वाकतं, श्वास संथ होतो. भुंकायला सुरुवात झाल्यावर फेकलंत तर भुंकण्याचं बक्षीस झालं. दहा दिवसांत शब्द ऐकून ते तुमच्याकडे वळायला लागतं.

डीजेच्या रात्री आतली खोली, पडदे, आणि कूलर. आपला मोठा लोखंडी कूलर भरभर चालतो तो आवाज बाहेरचे दणके बराच झाकतो. हिवाळ्याच्या लग्नात पाणी न घालता नुसता पंखा लावा. फार घाबरणाऱ्यांसाठी औषधं असतात, पण ती दिवाळीच्या आदल्या दिवशी मागायची नसतात. तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जा, म्हणजे मात्रा शांत दिवशी तपासता येते.

शेपटीवाला

कंपनाचा पट्टा, फक्त थरथरणारा, झटका नसलेला, त्याचं काय? कुत्री जन्मतः बहिरी, पांढरी, दीड वर्षाची.

कंपूचा_पशुवैद्य

तो खरा उपयोग. बहिऱ्या कुत्र्याला कंपन म्हणजे नावाने हाक. शिक्षा म्हणून एकदाही वापरू नका, मग हाक राहणार नाही.

घ्यायच्या आधी पाहा की झटक्याचं बटण वेगळं आहे का. एकाच रिमोटवर शेजारी असेल तर अंधारात चूक होते. शक्य तर झटका नसलेलंच मॉडेल घ्या आणि खुंटांच्या जागी रबरी टोप्या लावा. आधी पट्टा हातात धरून तिच्या अंगापासून दूर सुरू करा आणि खाऊ द्या. मग खांद्याला टेकवून. मग गळ्यात. एक सेकंद थरथर, लगेच खाऊ, दिवसाला दहा-पंधरा वेळा, चार-पाच दिवस. थरथरताच ती तुमच्याकडे तोंड करून बघायला लागली की हाताची खूण जोडायची: कंपन म्हणजे ‘बघ’, खूण म्हणजे ‘काय करायचं’. काही कुत्री कंपनाला घाबरतात, गोठून उभी राहतात. तशी दिसली तर सोडून द्या. घरात पायाने फरशीवर ठोका आणि रात्री टॉर्चची उघडझाप, हेही चालतं.

अनामिका_ग्वाल्हेर

कायद्याचं कोणी सांगेल का? भारतात बंदी आहे का?

खडूस_म्हातारा

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अशा पट्ट्यांचं नाव घेऊन बंदी नाही. पण कलम ११ खाली प्राण्याला अनावश्यक वेदना देणं हा गुन्हा आहे, आणि अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव वेळ बांधून ठेवणं हाही. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे दोन समोशांचा भाव. वेल्समध्ये विजेच्या पट्ट्यावर २०१० पासून बंदी आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून शिकवणीत काट्यांचा पट्टा वापरता येत नाही. गंमत म्हणजे नावाजलेले काट्यांचे पट्टे जर्मनीतच बनतात.

मुरारची_सून

उन्हाळ्याचं राहिलं. मे-जूनमध्ये इथे पारा ४५ च्या वर जातो, कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं. मोरकी घट्ट झाली तर तोंड पूर्ण उघडत नाही. नाकावरची पट्टी डोळ्यांच्या किंचित खाली आणि तोंडात चेंडू मावेल इतकी सैल हवी. हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद ठेवता आली नाही तर फेरी रद्द. आणि पावसाळ्यात रोज पट्टा काढून खाली बोटं फिरवा, गोचीड तिथेच लपते. ओला चामडी पट्टा रात्रभर गळ्यात ठेवला तर सकाळी लालसर चट्टा ठरलेला.

मोरकी सवय न लावता घालू नका हेही लिहायला हवं होतं. पहिले दोन दिवस नुसती हातात धरून नाक आत घातलं की खाऊ. मग पाच सेकंद, मग मिनिट, मग घरात जेवताना. आठवडा-दहा दिवस लागतात. पंजाने ओरबाडत असेल तर घाई झाली. झटका मारायचा नाही, आणि मोरकी सुटलीच तर म्हणून एक छोटी जोडपट्टी साध्या पट्ट्याला.

लॅबवाली_ताई

चोक चेन परत केली. हार्नेस मागवलाय, पट्टा आणि लीश आहे. खडूसकाका, दहा मीटरची दोरी तयार मिळते ती फार महाग आहे. घरी करता येईल?

खडूस_म्हातारा

येते. दोरखंडाच्या दुकानातून आठ ते दहा मिलिमीटरची विणलेली दोरी घ्या, पिळाची नको, पिळाची उलगडते आणि गुंता होतो. सुती हाताला बरी पण भिजली की जड. नायलॉन हलकी पण सुटताना तळहात भाजते, हातमोजा घाला. हूक फिरता, पितळेचा किंवा स्टीलचा. चकचकीत हलका मिश्रधातूचा हूक एका धक्क्यात उघडतो. हुकाकडे दोरी दुमडून दहा सेंटिमीटर परत घ्या आणि जाड दोऱ्याने शिवा, चांभाराकडून करून घेतलं तर उत्तम. दुसऱ्या टोकाला पकडायला फास करू नका आणि गाठही मारू नका, झुडपात किंवा दाराच्या फटीत तीच अडकते. टोक नायलॉनचं असेल तर मेणबत्तीवर वितळवून घ्या, सुती असेल तर दोरा गुंडाळा. तीन मीटर आणि पाच मीटरवर रंगीत चिकटपट्टी लावा, म्हणजे कुत्रं किती लांब गेलंय ते खाली न बघता कळतं.